चार औषधांची एक बाटली

सर्दीची गोळी आणायला मेडिकलमध्ये गेलेला माणूस एक गोळी मागतो आणि चार औषधं घेऊन घरी येतो. स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली तर साधारण असा मजकूर सापडतो: पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ, फिनाइलएफ्रिन 10 मिग्रॅ, क्लोरफेनिरामिन मॅलिएट 2 मिग्रॅ, आणि बऱ्याचदा कॅफिन 30 मिग्रॅ. पहिलं ताप आणि अंगदुखीसाठी, दुसरं चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून, तिसरं वाहतं नाक आणि शिंका थांबवायला. चौथं बऱ्याच अंशी तिसऱ्यामुळे येणारी पेंग उडवायला. म्हणजे एका औषधाचा त्रास निस्तरायला दुसरं औषध त्याच गोळीत भरलेलं असतं आणि पैसे दोन्हींचे मोजायचे असतात.

अशा ठरलेल्या मात्रेच्या मिश्रणाला औषधशास्त्रात फिक्स्ड डोस कॉम्बिनेशन, थोडक्यात एफडीसी म्हणतात. ही कल्पना मुळात वाईट नाही. क्षयरोगात ती उपयोगाची ठरली आहे, कारण चार औषधं एका गोळीत असली की रुग्ण त्यातलं एखादं गाळू शकत नाही. सर्दीचं गणित मात्र उलटं आहे. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक गळतं आणि कणकण येते, चौथ्या दिवसापर्यंत ताप उतरलेला असतो आणि मग खोकला मुक्काम ठोकतो. लक्षणं रोज बदलतात, गोळी मात्र तीच राहते. ताप गेल्यावरही पॅरासिटामॉल पोटात जात राहतं आणि नाक कोरडं झाल्यावरही ते कोरडं करणारं औषध चालूच असतं.

मग या मिश्रणांचा उपयोग होतो की नाही? जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन गटाच्या आढाव्यांनुसार प्रौढांना आणि मोठ्या मुलांना वेदनाशामक, अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळं करणारं औषध यांच्या मिश्रणाने थोडाफार आराम पडतो. लहान मुलांत असा फायदा झाल्याचा पुरावा नाही. खोकल्याच्या तयार औषधांबद्दल तर त्यांना बाजूनेही आणि विरुद्धही ठोस पुरावा सापडला नाही. सर्दीचा मुक्काम यातलं कुठलंही औषध कमी करत नाही. माझं मत स्पष्ट आहे. धडधाकट प्रौढाने दोन-तीन दिवस रात्रीची झोप मिळावी म्हणून अशी गोळी घेतली तर बिघडत नाही. पण ती 'लवकर बरं व्हायला' घेत असाल, तर ज्या कामासाठी ती बनलेलीच नाही ते काम तुम्ही तिला सांगताय.

या चौघांतला सर्वांत रंजक इतिहास फिनाइलएफ्रिनचा आहे. पूर्वी नाक मोकळं करण्याचं काम फिनाइलप्रोपॅनोलामिन करत असे. येल विद्यापीठाच्या अभ्यासात त्याचा संबंध मेंदूतल्या रक्तस्रावाशी दिसल्यावर 2000 साली अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं. भारताने त्यावर बंदीची अधिसूचना काढली ती 2011 मध्ये. दुसरा पर्याय होता स्यूडोएफेड्रिन. ते खरोखर काम करतं, पण त्यापासून मेथॅम्फेटामिन हे अमली द्रव्य बनवता येतं म्हणून अमेरिकेत ते दुकानदाराच्या टेबलामागे गेलं, नाव-पत्ता नोंदवून मिळू लागलं. रिकामी झालेली जागा फिनाइलएफ्रिनने घेतली. पोटात घेतलेलं फिनाइलएफ्रिन आतड्यात आणि यकृतात जवळजवळ पूर्ण मोडून जातं. काम करण्याच्या स्थितीत रक्तात पोहोचणारा वाटा एक टक्क्याहूनही कमी. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सोळा विरुद्ध शून्य मतांनी निर्वाळा दिला की नेहमीच्या मात्रेत तोंडावाटे घेतलेलं फिनाइलएफ्रिन चोंदलेल्या नाकावर काम करत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये ते चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांच्या यादीतून वगळण्याचा प्रस्तावही आला. नाकात मारायचा फवारा वेगळा, तो काम करतो. आक्षेप गोळी-सिरपवर आहे. आपल्याकडच्या कितीतरी सर्दीच्या गोळ्यांवर ते नाव अजून दिमाखात छापलेलं असतं.

नाकातल्या थेंबांची गोष्ट निघालीच आहे तर, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब नाक झटकन उघडतात, पण ते तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नयेत. त्यापुढे थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, माणूस पुन्हा थेंब टाकतो आणि हे महिनोन्‌महिने चालतं.

क्लोरफेनिरामिन जुनं, स्वस्त आणि नाक सुकवण्यात वाकबगार आहे. पण प्रौढांच्या शरीरातून ते निम्मं उतरायला वीसेक तास लागतात. रात्री घेतलेली गोळी सकाळी ऑफिसला स्कूटरवरून जातानाही अंगात असते आणि पेंग येत नसली तरी प्रतिक्रिया मंदावलेली असते. ट्रक आणि एसटीचे चालक, कारखान्यात यंत्रावर काम करणारे, उंचावर चढणारे यांनी हे औषध घेऊन कामावर जाऊच नये. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी यामुळे एकाएकी अडू शकते. काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब चढतो. म्हाताऱ्या माणसांना गोंधळल्यासारखं होतं, रात्री उठताना तोल जातो, आणि मग घरचे सर्दी विसरून मोडलेल्या खुब्याच्या मागे लागतात. रात्री एखादा पेग घेणाऱ्याने तर त्या रात्री दोन्हींपैकी एकच निवडावं.

पॅरासिटामॉल यांत सर्वांत निरुपद्रवी समजलं जातं, आणि म्हणूनच हिशेब तिथेच चुकतो. प्रौढांसाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा 4 ग्रॅम. आता व्हायरल तापाच्या आठवड्यात एका घरात काय चालतं ते बघा. डॉक्टरांनी तापासाठी 650 मिग्रॅची गोळी दिलेली, चार वेळा घेतली तर 2600 मिग्रॅ. नाक गळतंय म्हणून मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, तीत 500 मिग्रॅ, चार वेळा म्हणजे 2000. बेरीज 4600. कुणीही जादा गोळी घेतलेली नाही, दोन्हींवर लिहिलेल्या मात्रेप्रमाणेच सगळं चाललंय आणि मर्यादा ओलांडली गेलीय. त्यात डोकं दुखतंय म्हणून तिसऱ्या नावाची गोळी आली तर विचारूच नका. किरकोळ बांध्याच्या, उपाशीपोटी राहणाऱ्या, रोज दारू पिणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाला 4 ग्रॅमही जड जातात. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी दिसत नाही. मळमळ होते, ती तापाची वाटते. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस उलटलेले असतात, आणि यावरचा उतारा असलेलं एन-ॲसिटिलसिस्टीन पहिल्या काही तासांत दिलं तरच पुरतं काम करतं. म्हणून जास्त मात्रा गेल्याची नुसती शंका आली तरी रिकाम्या स्ट्रिप घेऊन रुग्णालय गाठावं, लक्षणांची वाट पाहू नये.

खोकल्याच्या पातळ औषधांचा कारभार आणखी अजब. कोरड्या खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ते मेंदूतली खोकल्याची उबळ दाबतं. ओल्या खोकल्यासाठी ॲम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन किंवा ग्वायफेनेसिन, ते कफ पातळ करतात, म्हणजे तो खोकून बाहेर पडावा. पूर्वी दोन्ही गट एकाच बाटलीत राजरोस मिळत: कफ सोडवायचा आणि तो बाहेर काढणारा खोकला बंद करायचा. तिसरा गट टर्ब्युटालिन आणि लेव्होसाल्ब्युटामॉलचा. ही दम्याची, आकसलेल्या श्वासनळ्या उघडणारी औषधं. छातीत सूं-सूं वाजत नसेल तर साध्या खोकल्यावर त्यांचा उपयोग नाही. हात थरथरतात, छातीत धडधडतं, मधुमेह असेल तर साखर वर जाते. 'औषध घेतल्यावर घाबरल्यासारखं होतं' असं सांगणाऱ्या आजींच्या बाटलीवर हे नाव शोधून पाहावं.

गोंधळात भर घालते ती नावांची शेपटी. एकाच ब्रँडच्या नावापुढे डी, एलएस, प्लस, कोल्ड अशी अक्षरं लागतात आणि आतलं औषध पूर्ण बदलतं. डी वाल्या बाटलीत खोकला दाबणारं, तर एलएस वाल्या बाटलीत कफ सोडवणारं आणि दम्याचं, असं सर्रास असतं. फोनवरून 'ते नेहमीचं लाल औषध पाठवा' म्हटलं की दोन्हींपैकी काहीही घरी येऊ शकतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फनची आणखी एक गोष्ट रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी नैराश्यावरची औषधं चालू असलेल्यांना त्यामुळे घाम, थरथर, अस्वस्थता आणि ताप असा धोकादायक प्रकार होऊ शकतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या लिनेझोलिडशीही त्याचं जमत नाही. मानसोपचार चालू असल्याचं आपल्याकडे फॅमिली डॉक्टरांपासूनही लपवलं जातं, त्यामुळे ही जोडी जमण्याची शक्यता कागदावर दिसते त्याहून जास्त आहे.

खोकला दाबणारं दुसरं औषध म्हणजे कोडीन, ते अफूच्या कुळातलं. यकृतात त्याचं मॉर्फिन होतं, आणि काही जणांच्या शरीरात हे रूपांतर जन्मजातच फार वेगाने होतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या काही मुलांचा श्वास त्यामुळेच थांबला. अमेरिकेने 2017 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते निषिद्ध ठरवलं. अंगावर पाजणाऱ्या आयांनाही देऊ नये असं सांगितलं. भारतात कोडीनचं सिरप हा आरोग्याइतकाच पोलिसांचा विषय राहिला आहे. बांगलादेशाच्या सीमेवर पकडल्या जाणाऱ्या बाटल्या असोत की आपल्या शहरांतले नशेसाठी सिरप पिणारे तरुण. कोडीन परिशिष्ट एच-1 मध्ये येतं. मेडिकलवाल्याने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव व दिलेलं प्रमाण वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. कोडीनचाच नातेवाईक फोलकोडिन. वर्षभरात ते घेतलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेवेळी दिल्या जाणाऱ्या स्नायू सैल करणाऱ्या औषधांची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते असं दिसल्यावर 2022-23 मध्ये युरोप आणि ब्रिटनने ते बाजारातून काढलं. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ 'कुठली औषधं घेता' असं विचारतात तेव्हा खोकल्याचं सिरप कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

एवढी मिश्रणं बाजारात आली कशी, हा प्रश्न साहजिक आहे. नव्या मिश्रणाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी लागते, पण कितीतरी मिश्रणांना राज्यांनी परस्पर उत्पादनाचे परवाने देऊन टाकले होते. संसदेच्या स्थायी समितीने 2012 मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने सहा हजारांहून जास्त मिश्रणं तपासली आणि 10 मार्च 2016 रोजी केंद्राने एका फटक्यात 344 मिश्रणांवर बंदी घातली. त्यात सर्दी-खोकल्याची भरपूर होती. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, डिसेंबर 2016 मध्ये बंदी रद्द झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं, पुन्हा तज्ज्ञांकडे गेलं आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर नव्याने बंदी आली. जून 2023 मध्ये आणखी 14, ज्यांत क्लोरफेनिरामिन-कोडीन, फोलकोडिन-प्रोमेथाझिन आणि ब्रोमहेक्सिन-डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं एक मिश्रण होतं. ऑगस्ट 2024 मध्ये 156. अशा याद्यांचा सामान्य माणसाला थेट फायदा थोडा, कारण यादीत घटकांची नावं असतात आणि माणसाला ब्रँडचं नाव माहीत असतं. शिवाय कंपनी आतला एखादा घटक बदलून तेच नाव, तोच रंग, तीच बाटली घेऊन परत येऊ शकते. तुमच्या घरातलं नाव दहा वर्षं तेच असलं, तरी औषध तेच असेल असं नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र गोष्टी बऱ्याच स्पष्ट झाल्या आहेत. अमेरिकेत 2008 पासून दोन वर्षांखाली ही औषधं नकोत असा सल्ला आहे आणि उत्पादकांनी स्वतःहून चार वर्षांखाली नको असं छापायला सुरुवात केली. ब्रिटनने 2009 मध्ये सीमा सहा वर्षांवर नेली. भारतात डिसेंबर 2023 मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना लेबलवर छापावी, असा आदेश काढला. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यापुढे जाऊन सांगितलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांखालीही सर्वसाधारणपणे ती नकोत. बालरोगतज्ज्ञ रडणाऱ्या बाळाच्या आईला 'औषधाची गरज नाही' म्हणतात तेव्हा बऱ्याच घरांत 'या डॉक्टरांना काही कळत नाही' असा निकाल लागतो आणि दुसऱ्या दवाखान्याची वाट धरली जाते. हा दबाव डॉक्टरांवरही असतो, आणि तो पालकच टाकतात.

मापाचं एक उदाहरण हिशेबानिशी पाहू. दहा किलोच्या बाळाला तापासाठी पॅरासिटामॉलची एक मात्रा 100 ते 150 मिग्रॅ. घरात 250 मिग्रॅ प्रति 5 मिलीचं सिरप असेल तर त्याचे 2 ते 3 मिली झाले. थेंबांची बाटली असेल तर तीत बहुतेकदा 1 मिलीमध्येच 100 मिग्रॅ असतात, म्हणजे एक-दीड मिली पुरे. सिरप संपलं म्हणून कुणी थेंबांच्या बाटलीतून 'नेहमीसारखं एक झाकण' 5 मिली पाजलं, तर बाळाच्या पोटात 500 मिग्रॅ गेलं, गरजेच्या तिप्पट ते पाचपट. स्वयंपाकघरातला चमचा वापरायचा नाही, कारण एका घरातला चमचा तीन मिलीचा तर दुसऱ्या घरातला सात मिलीचा. सिरिंज किंवा बाटलीसोबतचं खुणांचं झाकण घ्यायचं आणि मात्रा वयावरून न काढता वजनावरून काढून घ्यायची. आजोळी गेल्यावर आजीने एकदा, आईने एकदा असं दोनदा औषध जाणं फार सहज होतं. कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवण्याची जुनी सवय इथे कामी येते.

आता ज्यावर घरातल्या काळजीचा इलाज चालत नाही अशा प्रकाराकडे येऊ. सप्टेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात साध्या सर्दी-तापाच्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. उपचारांसाठी त्यातल्या अनेकांना नागपूरला आणलं गेलं, आणि नागपुरातल्या रुग्णालयांत एकामागून एक मुलं दगावली. बळींची संख्या वीसच्या वर गेली. त्यांना दिलेलं कोल्ड्रिफ हे सिरप तमिळनाडूतल्या कांचीपुरमच्या कंपनीचं होतं, आणि घटक नेहमीचेच: पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन. तमिळनाडूच्या तपासणीत त्या खेपेत 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालणारी मर्यादा 0.1 टक्का. हे औद्योगिक द्रव चवीला गोड आणि घट्टसर असतं, सिरपसाठी लागणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलपेक्षा स्वस्त पडतं, आणि मूत्रपिंडं निकामी करतं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही तेव्हा त्या खेपेबद्दल इशारा काढला.

महाराष्ट्राला हे विष नवं नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाने दूषित झालेलं ग्लिसरॉल देऊन 14 रुग्ण दगावले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाचे वाभाडे काढले होते. त्यानंतरही 2020 मध्ये जम्मूजवळ रामनगरला, 2022 मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तानात तेच घडलं. गांबियातल्या सत्तरच्या आसपास मुलांच्या मृत्यूंशी जागतिक आरोग्य संघटनेने भारतीय बनावटीच्या सिरपचा संबंध जोडला. भारत सरकारने आपल्या चाचण्यांत ते निर्दोष ठरल्याचं सांगून तो नाकारला. तरीही 1 जून 2023 पासून निर्यातीच्या प्रत्येक खेपेची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक झाली. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या सिरपला तशी चाळणी तेव्हा लावली गेली नाही. परदेशी मुलांसाठी एक नियम आणि परासियातल्या मुलांसाठी दुसरा, हे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी समर्थनीय वाटत नाही.

यात पालकांच्या हातात फार थोडं आहे. रंग, वास, चव यांवरून हे विष ओळखू येत नाही. बिल घ्यावं, बाटली आणि तिच्यावरचा बॅच नंबर औषध संपेपर्यंत टाकू नये. सिरप सुरू केल्यावर उलट्या वाढल्या, मूल सुस्तावलं किंवा लघवी कमी झाली तर औषध बंद करून बाटलीसकट रुग्णालयात जावं. आणि नको असलेलं सिरप मुळात घेतलंच नाही, तर ही जोखीमही उचलावी लागत नाही. परासियातल्या त्या मुलांतली बहुतेक पाच वर्षांखालची होती.

डॉक्टरांच्या चिठ्ठीने दिलेलं मिश्रण असेल तर मग चिंता मिटली का? अर्धीच. आपल्याकडे गल्लीतल्या अनेक दवाखान्यांत अजून सुट्या गोळ्यांची पुडी मिळते: पांढरी, पिवळी, अर्धी गुलाबी, 'सकाळ-संध्याकाळ एकेक'. त्यात पॅरासिटामॉल आहे का, अँटिबायोटिक आहे का, स्टिरॉइड आहे का, रुग्णाला कळायला मार्ग नाही. ताप उतरला नाही म्हणून तो मेडिकलमधून आणखी एक गोळी घेतो आणि वरच्या 4600 चं गणित पुन्हा जमतं. पुडी देणाऱ्या डॉक्टरांना 'गोळ्यांची नावं कागदावर लिहून द्या' म्हणणं हा रुग्णाचा हक्क आहे, उद्धटपणा नाही. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार, फिट्स, मानसोपचार यांपैकी काहीही चालू असेल, गर्भारपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते न विचारताच सांगावं. एकदाच औषध घेण्यासाठी दिलेली चिठ्ठी, तशी सूचना लिहिलेली नसेल तर, दुसऱ्यांदा वापरता येत नाही हा कायदा आहे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेली गेल्या पावसाळ्यातली चिठ्ठी या पावसाळ्यात दाखवणं म्हणूनच चुकीचं, आणि बायकोची चिठ्ठी नवऱ्याने वापरणं तर त्याहून.

औषध नको तर काय, याचं उत्तर बेताचं आहे. पुरेसं पाणी, कोमट पेज किंवा सूप, मोठ्यांना मिठाच्या गुळण्या, बाळाच्या नाकात सलाइनचे थेंब. झोपताना एक लहान चमचा मध मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर काही न देण्यापेक्षा बरा ठरतो, असं चाचण्या सांगतात. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे अर्भकांना बोटुलिझम हा पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. आपल्याकडची बाळगुटी मधात उगाळण्याची पद्धत म्हणूनच सोडायला हवी. वाफ घ्यायला हरकत नाही, पण उकळत्या पाण्याचं पातेलं मुलाच्या जवळ ठेवू नये. वाफेने होणाऱ्या फायद्यापेक्षा सांडलेल्या पाण्याने भाजण्याचा धोका मोठा. आयुर्वेदिक सिरपही मिश्रणच असतं, तेव्हा त्याचंही लेबल वाचावं. ज्येष्ठमध जास्त दिवस जास्त प्रमाणात पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं.

सर्दीनंतरचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, असं अभ्यासांत दिसतं. लोकांना मात्र तो आठवड्यात थांबावा असं वाटतं. बाटल्या बदलल्या जातात त्या याच मधल्या दहा-अकरा दिवसांत. धाप लागणं, बोलताना श्वास न पुरणं, कफात रक्त, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, मुलाची छाती श्वास घेताना आत ओढली जाणं किंवा त्याने खाणं-पिणं सोडणं, यांपैकी काहीही असेल तर दिवस मोजू नयेत, त्याच वेळी डॉक्टर गाठावा. एरवीही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची थुंकी तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत ती मोफत होते. महिना-दोन महिने रोज सिरप पिऊन क्षयरोग झाकून ठेवलेली माणसं फुप्फुसतज्ज्ञांकडे येतात तोवर घरातल्या इतरांनाही लागण झालेली असू शकते. दमा आणि छातीत येणारी जळजळ हीसुद्धा लांबलेल्या खोकल्याची नेहमीची कारणं, आणि यांतल्या कशावरही खोकल्याची बाटली चालत नाही.

आणखी एक कारण वर्षानुवर्षं नजरेतून सुटतं. रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातली गोळी घेणाऱ्या काही लोकांना तिच्यामुळेच कोरडा, घशात गुदगुल्या होणारा खोकला येतो. गोळी सुरू झाल्यावर कधी आठवड्यात, कधी काही महिन्यांनी. कफ नसतो, ताप नसतो, एक्स-रे स्वच्छ असतो. तोवर बाटल्यांवर बाटल्या रिचवून झालेल्या असतात, आणि त्यांतल्या फिनाइलएफ्रिनसारख्या घटकांमुळे रक्तदाबालाही धक्का बसू शकतो. अशा माणसाने गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ती घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ते दुसऱ्या गटातली देतात, आणि खोकला साधारण महिन्याभरात, फार तर तीन महिन्यांत थांबतो.